गोळीबार, पुरावा आणि सरकारी वकील : एक प्रस्तावना

पोलिसांच्या गोळीने माणूस मरतो त्या क्षणापासून त्या मृत्यूचा न्यायासनापुढे विचार होईपर्यंत जे अंतर असते, ते कायद्याच्या पुस्तकात दोन-चार कलमांचे दिसते. प्रत्यक्षात मात्र त्या अंतरात फौजदार असतो, पंच असतात, शवविच्छेदन करणारा डॉक्टर असतो, तहसीलदाराच्या किंवा प्रांताच्या खुर्चीवरचा दंडाधिकारी असतो, गृहखात्यातील सचिव असतो, आणि या सर्वांच्या हातून पुढे सरकत आलेले कागद अखेर ज्याच्या हाती येतात व जो ते न्यायाधीशापुढे उलगडतो, तो सरकारी वकील असतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा शेवटचा मनुष्य आणि त्याच्या हातातील ते कागद हाच आहे. त्याने काय पुढे ठेवले, काय मागे राहू दिले, कोणत्या क्रमाने ठेवले आणि ठेवताना कायद्याचे कोणते वाक्य वाचून दाखविले, यावर खटला उभा राहतो की नाही हे ठरते. न्यायाधीशाचा निर्णय त्यानंतरचा, आणि पुष्कळदा तो देण्याची वेळच येत नाही.

हा विषय खानापुरात बसून लिहावासा वाटला याला कारण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्याला पोलिसांच्या गोळीबाराची ओळख ग्रंथांतून करून घ्यावी लागलेली नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्यपुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला, आणि दुसऱ्याच दिवशी बेळगावात निषेधार्थ रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या मृतांचे स्मरण सीमाभागात आजही दर १७ जानेवारीस होते. २१ जुलै १९८० रोजी नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. ज्या मलप्रभेच्या कालव्यांखालील जमिनींवरच्या आकारणीविरुद्ध ते उठले होते, ती मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीस उगम पावते. ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीस, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून बसलेल्या तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणांस मुकले. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात नऊ जण हुतात्मे झाले. त्यांचे स्मारक हिंडलग्यास आहे. तीस वर्षांच्या अवधीत आणि एका दिवसाच्या प्रवासात मावणाऱ्या प्रदेशात हे सारे घडले.

या घटनांच्या वेळची सरकारे मात्र एक नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव मुंबई राज्यात होते, मुख्यमंत्रिपदी मोरारजी देसाई होते, आणि गोळ्या झाडणारे शिपाई मुंबई सरकारचे पगारदार होते. निपाणीच्या वेळी बंगळुरात गुंडूरावांचे काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. हिंडलग्याच्या वेळी रामकृष्ण हेगड्यांचे जनता पक्षाचे होते. राज्य बदलले, राजभाषा बदलली, पक्ष बदलला, तरी गोळीबारानंतर मृताच्या घरच्यांनी कोणत्या दारावर जावे आणि तेथे त्यांचे म्हणणे कोणी मांडावे, या प्रश्नाला मिळणारे उत्तर बदलले नाही. म्हणून या पुस्तकातील विवेचनास मराठी विरुद्ध कन्नड असे स्वरूप कोणी देऊ लागल्यास माझा त्याला प्रारंभीच नकार आहे. नवलगुंदचा कन्नड शेतकरी आणि निपाणीचा मराठी शेतकरी या बाबतीत एकाच बाजूस उभे आहेत.

राज्यपुनर्रचनेच्या त्याच निर्णयानंतर १९५६ मध्ये मुंबईतही गोळीबार झाला; त्याविषयी न्यायालयीन चौकशीची मागणी सर्व महाराष्ट्रातून झाली आणि ती मानली गेली नाही. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा लोकसभेतील आपल्या निवेदनात त्यांनी जी तक्रार नोंदविली, तिच्यात ही चौकशी नाकारल्याची तक्रारही होती. देशमुख हे मूळचे सनदी नोकर. दप्तराचे महत्त्व त्यांना ठाऊक होते. माणसे मेली हे दुःख सर्वांनाच होते, परंतु ती कशी मेली याचा अधिकृत, तपासलेला, शपथेवरचा वृत्तांत राज्याने निर्माण होऊच दिला नाही, हा त्या दुःखाहून निराळा अन्याय आहे, आणि तो त्यांच्यासारख्या प्रशासकाने बोलून दाखवावा याला विशेष अर्थ आहे.

पुरावा म्हणजे येथे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे व्यर्थ होईल. गोळीबाराचा पुरावा प्रथम ठाण्याच्या शस्त्रागारात असतो: कोणत्या शिपायास कोणती बंदूक दिली, किती काडतुसे दिली, किती परत आली, याची नोंदवही. नंतर तो बिनतारी संदेशांच्या नोंदीत असतो, कारण ‘जमाव हाताबाहेर गेला आहे’ हे वाक्य गोळीच्या आधी उच्चारले गेले की नंतर, याचे उत्तर तेथील तास-मिनिटांत सापडते. मग तो मृताच्या देहावर असतो: गोळी पुढून शिरली की पाठीतून, कमरेखाली लागली की छातीत वा मस्तकात, जखमेच्या कडेवर दारूचा काळेपणा आहे की नाही, या तीन गोष्टी सांगणारा डॉक्टर जमावाच्या हेतूविषयी शंभर साक्षीदारांनी सांगितलेल्याहून अधिक सांगून जातो. शिवाय पोलिसांच्या अंगावरील जखमांचे दाखले असतात, ज्यांवरून दगडफेक किती भयंकर होती हे समजावे. जागेचा नकाशा असतो, भिंतीवरील खुणा असतात, पांगण्याचा हुकूम कोणी, कोणत्या भाषेत, किती वेळा दिला याची कैफियत असते. हा सर्व ऐवज गोळीबार करणाऱ्या खात्याच्याच ताब्यात जन्मतो. चोराविरुद्धचा पुरावा पोलीस गोळा करतात तेव्हा त्यांचा आणि चोराचा संबंध नसतो असे आपण धरून चालतो. येथे आरोपी आणि संग्राहक एकाच हजेरीपटावर असतात.

एकाच हजेरीपटावरच्या माणसांनी एकमेकांविरुद्ध पुरावा उभा करावा, ही अडचण ज्या देशात सर्वांत उघड चर्चिली गेली तो देश अमेरिका होय, आणि तेथील ग्रँड ज्युरीची रीत समजून घेतली म्हणजे आपल्याकडील रीतीवर अनपेक्षित उजेड पडतो. तेथील संघराज्यात गंभीर गुन्ह्याचा खटला चालविण्यापूर्वी सोळा ते तेवीस सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे प्रथमदर्शनी पुरावा ठेवावा लागतो. घटकराज्यांत संख्या व नियम निरनिराळे आहेत. हे मंडळ बंद दाराआड बसते. साक्षीपुराव्याच्या वेळी तेथे न्यायाधीश बसत नाही, आरोपीचा वकील उलटतपासणी घेत नाही, मृताच्या घरच्यांना वकिलामार्फत बोलता येत नाही. साक्षीदार सरकारी वकील बोलावतो, प्रश्न तो विचारतो, कायदा तो समजावतो. आरोपीस अनुकूल असलेला पुरावा पुढे ठेवण्याचे बंधनसुद्धा संघराज्याच्या न्यायालयांना त्याच्यावर घालता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले. अशा सभेत सरकारी वकिलाने जे मागावे ते बहुधा मिळते: २०१० साली तेथील संघराज्य सरकारच्या वकिलांनी सुमारे १,६२,००० प्रकरणे चालविली आणि त्यांपैकी केवळ ११ प्रकरणांत ग्रँड ज्युरीने आरोप ठेवण्यास नकार दिला.

ही संख्या मनात ठेवून फर्ग्युसनचे प्रकरण वाचावे. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरी राज्यातील त्या गावी डॅरेन विल्सन या गोऱ्या पोलिसाने मायकल ब्राउन या अठरा वर्षांच्या, नि:शस्त्र, काळ्या तरुणास गोळ्या घालून मारले. सेंट लुइस परगण्याचे सरकारी वकील रॉबर्ट मॅक्कलक यांचे वडील स्वतः पोलीस होते आणि कर्तव्यावर असताना मारले गेले होते. त्यांनी या प्रकरणातून दूर व्हावे अशी मागणी झाली, ती त्यांनी मानली नाही. बारा जणांच्या ग्रँड ज्युरीपुढे त्यांच्या साहाय्यकांनी नेहमीची पद्धत सोडून दिली. एरवी एखादा तपासी अंमलदार उभा करावा, सारांश सांगावा आणि आरोप मागावा, हा शिरस्ता. येथे पंचवीस दिवसांच्या बैठकांत साठ साक्षीदार उभे केले, एकमेकांशी विसंगत असलेल्या सर्व हकिगती ओतल्या, कोणता आरोप ठेवावा याची शिफारस केली नाही, आणि खुद्द विल्सनला चार तास आपली बाजू सांगू दिली. त्याच्या साक्षीपूर्वी ज्युरीच्या हाती मिसुरीच्या कायद्याचे जे कलम दिले गेले, त्यात पळून जाणाऱ्या संशयितावर प्राणघातक बळ वापरण्याची अशी मुभा होती, जी सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी विरुद्ध गार्नर या १९८५ च्या निकालात घटनाबाह्य ठरविलेली होती. ही चूक ज्युरीला सांगितली गेली ती नोव्हेंबरात, सर्व साक्षी संपत आल्यावर. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी आरोप ठेवण्यास नकार जाहीर झाला.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संघराज्याच्या न्यायखात्याने स्वतंत्रपणे केलेल्या तपासाचा अहवाल मार्च २०१५ मध्ये आला, आणि त्यानेही विल्सनवर खटला चालविण्याजोगा पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला. ब्राउनने हात वर केले होते ही सर्वतोमुखी झालेली हकिगत त्या अहवालात टिकली नाही. म्हणजे निर्णय कदाचित योग्यही असेल. परंतु ज्या मार्गाने तो निर्णय झाला तो मार्गच असा होता की ज्यांचा मुलगा मेला त्यांना तो योग्य वाटणे अशक्य व्हावे, आणि न्यायसंस्थेच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. न्यायखात्याचा अहवाल मला अधिक विश्वसनीय वाटतो तो त्याच्या निष्कर्षामुळे वाटत नाही. प्रत्येक साक्षीदाराची हकिगत देहावरील जखमांशी आणि रस्त्यावरील रक्ताच्या ठिकाणांशी ताडून, ती का घेतली वा का टाकली हे त्यात लिहिले आहे, म्हणून वाटतो.

केंटकीतील लुइव्हिल येथे याच्या उलट घडले. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्री घराच्या झडतीसाठी आलेल्या पोलिसांच्या गोळीबारात ब्रिओना टेलर ही सव्वीस वर्षांची स्त्री स्वतःच्या घरात मरण पावली. राज्याचे महान्यायवादी डॅनियल कॅमेरॉन यांनी सप्टेंबरात ग्रँड ज्युरीचा निर्णय जाहीर केला: एका अंमलदारावर आरोप, तोही शेजारच्या बिऱ्हाडातील माणसांचे प्राण धोक्यात घातल्याचा. त्यानंतर ज्युरीतीलच एका सदस्याने गुप्ततेच्या नियमातून मोकळीक मिळावी म्हणून न्यायालयाकडे धाव घेतली आणि सांगितले की मनुष्यवधाचे आरोप आमच्यापुढे ठेवलेच गेले नव्हते. फर्ग्युसनला सर्व काही पुढे ठेवून दिशा दिली गेली नाही. लुइव्हिलला दिशा आधी ठरवून तेवढेच पुढे ठेवले गेले. दोन्ही ठिकाणी सभा नागरिकांची होती आणि किल्ली सरकारी वकिलाच्या कमरेला होती.

ही ग्रँड ज्युरी आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे कंपनी सरकारच्या काळात राजाच्या सनदेने स्थापन झालेल्या त्या न्यायालयात, ग्रँड ज्युरी बसत असे. प्रारंभी ती केवळ युरोपियनांची होती; १८३२ च्या कायद्याने एतद्देशीयांना तिच्यात बसण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि नाना शंकरशेटांच्या पिढीतील मुंबईकरांनी तो मोठ्या मानाचा हक्क मानला. पुढे हायकोर्ट आल्यावर १८६५ च्या तेराव्या कायद्याने ही संस्था इलाख्याच्या शहरांतून रद्द झाली. इंग्लंडने ती १९३३ साली सोडली. बेळगाव-खानापूरच्या मुलखात ती कधी नव्हतीच. येथे कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यातही कलेक्टर, मामलेदार आणि फौजदार यांच्याच दप्तरातून फौजदारी न्याय चालला. त्यामुळे प्रथमदर्शनी पुरावा कोणी पारखावा हा प्रश्न आपल्याकडे नागरिकांच्या हातून निघाला असे म्हणता येत नाही. तो त्यांच्या हाती आलाच नाही.

आज आपल्याकडे तो प्रश्न चार जणांत वाटलेला आहे. तपास करणारा पोलीस अधिकारी दोषारोपपत्र दाखल करतो, किंवा खटल्याजोगे काही नाही असा अहवाल देतो, ज्याला कर्नाटकात ‘बी रिपोर्ट’ आणि महाराष्ट्रात ‘बी समरी’ म्हणतात. कार्यकारी दंडाधिकारी मृत्यूच्या कारणाची चौकशी करतो. सरकार खटल्यास मंजुरी देते वा नाकारते. आणि सत्र न्यायालयात सरकारी वकील खटल्याची मांडणी करून आरोप निश्चित करण्यास सांगतो. यांपैकी कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या चौकशीवर लोकांचा मोठा विश्वास असतो, ‘मॅजिस्ट्रेट चौकशी’ जाहीर झाली की आंदोलनही शांत होते. पण बेकायदा जमाव पांगविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने ज्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यास दिला, त्याच वर्गातील दुसरा अधिकारी त्या हुकमाच्या परिणामांची चौकशी करतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी अशी दुरुस्ती २००५ साली झाली. ती झाली हे चांगलेच. रस्त्यावर मेलेल्याला मात्र तिचा आश्रय नाही.

चौकशी आयोगांविषयीही असेच स्पष्ट बोलावयास हवे. १९५२ च्या कायद्याखाली नेमलेल्या आयोगापुढे दिलेली जबानी साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, आणि आयोगाचा अहवाल हा न्यायालयात पुरावा नव्हे. आयोग सत्य शोधून काढील, पण ते सत्य सरकारी वकिलास पुन्हा पहिल्यापासून, साक्षीदार उभे करून, सिद्ध करावे लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाचा अहवाल पुढच्याच वर्षी आला; वायूने भरलेले टँकर पेटविले जाण्याचा धोका होता हा पोलिसांचा बचाव त्याने मानला नाही, गोळीबार अनावश्यक ठरविला आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवला. तरीही सत्र न्यायालयातून कदम यांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा झाली ती २००९ च्या मे महिन्यात, आणि त्यानंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. आयोगाला जे एका वर्षात दिसले ते न्यायालयापुढे येण्यास आणखी अकरा वर्षे लागली. त्या अकरा वर्षांत साक्षीदार म्हातारे होतात, वस्ती सोडून जातात, मरतात.

मुंबईतील दुसऱ्या एका प्रकरणात पुरावा कसा टिकला हे पाहण्याजोगे आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोव्यास रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया पोलिसांच्या चकमकीत ठार झाला असे जाहीर झाले. त्याचा भाऊ वकील होता. भावाला नवी मुंबईतून उचलून नेल्याचे समजताच त्याने त्याच दुपारी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तारा आणि फॅक्स पाठविले. ‘चकमक’ त्यानंतर, रात्रीच्या सुमारास झाली. त्या तारांवरील वेळ हा असा साक्षीदार ठरला की ज्याला फोडता येत नव्हते. उच्च न्यायालयाच्या हुकमाने न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी झाली, २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले, २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरविले, आणि तेथे सुटलेले निरीक्षक प्रदीप शर्मा यांनाही १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. या सर्व साखळीत सरकारी यंत्रणा आपण होऊन हलली असे एकही ठिकाण मला दिसत नाही. प्रत्येक पायरीवर एक भाऊ, जो योगायोगाने कायदा जाणत होता, उभा दिसतो. ज्याचा भाऊ वकील नाही त्याचे काय, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. बदलापूर प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलीस गाडीत गोळी लागून मेला, तेव्हाही दंडाधिकाऱ्याचा अहवाल आल्यावर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयाला राज्यास हुकूम द्यावा लागला.

त्याच २३ सप्टेंबर या तारखेस, दहा वर्षे आधी, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सोळा दंडक घालून दिले होते. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात ९९ चकमकींत १३५ माणसे मेली, त्यांतून उद्भवलेले हे प्रकरण. न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्यापुढे त्याचा निकाल लागला. गोळीबारात मृत्यू झाल्यास फिर्याद नोंदलीच पाहिजे; तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने, वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली केला पाहिजे; शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह केले पाहिजे; शस्त्रे तपासणीसाठी स्वाधीन केली पाहिजेत; दंडाधिकाऱ्याची चौकशी होऊन तिचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे; आणि हे दंडक पाळले गेले नाहीत तर मृताच्या वारसास त्या प्रदेशाच्या सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करता येईल. म्हणजे खानापूर तालुक्यातील माणसास बेळगावच्या सत्र न्यायालयाची पायरी चढता येते, आणि तेथे दाद न लागल्यास धारवाडच्या खंडपीठाची. बी रिपोर्ट आला तरी वाट खुंटत नाही: फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंडाधिकाऱ्याने असा अहवाल स्वीकारू नये, हा १९८५ सालच्या भगवंत सिंग प्रकरणातील निर्णय आजही बंधनकारक आहे. अमेरिकेतील मृताच्या आईला ग्रँड ज्युरीपुढे वकील उभा करता येत नाही. आपल्याकडील आईला उघड न्यायालयात हरकत घेता येते. आपल्या कायद्यात हे एक मोठे बळ आहे, आणि ते वापरात फारसे येत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

खानापुरापुरती आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी कायद्याच्या ग्रंथांत फारसे सापडणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. येथील न्यायालयाची भाषा कन्नड. नंदगड, जांबोटी, कणकुंबीकडील शेतकरी ठाण्यात आपली हकिगत मराठीत सांगतो आणि ठाण्यातील लेखनिक ती कन्नडात उतरवितो. तपासातील या जबानीवर साक्षीदाराची सही घेत नाहीत, आणि तिचा न्यायालयातील मुख्य उपयोग पुढे त्याच्याच साक्षीतील विसंगती दाखविण्यासाठी होतो. आता गोळीबाराच्या प्रकरणात क्रिया आणि तिचा काळ यांवर सर्व काही अवलंबून असते: लोक ‘पळत होते’ की ‘धावून येत होते’, दगड गोळीच्या ‘आधी’ आले की ‘मग’. मराठीतून कन्नडात जाताना, थकलेल्या लेखनिकाच्या हातून, कोणत्याही दुष्ट हेतूशिवाय, एवढा फरक पडणे शक्य आहे. आणि तीन वर्षांनी उलटतपासणीत तो फरक साक्षीदाराचे खोटे म्हणून त्याच्या तोंडावर मारला जातो. न्यायालयात दिलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी, भाषा समजत नसेल तर समजेल अशा भाषेत सांगावी, ही तजवीज कायद्यात आहे. ठाण्यातील जबानीस ती नाही. मात्र तपासातील जबानी ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कायदा देतो. सीमाभागातील प्रत्येक गोळीबाराच्या तपासात ही मुभा सक्ती म्हणून पाळली जावी, म्हणजे साक्षीदाराचे मूळ मराठी शब्द सरकारी वकिलालाही ऐकता येतील आणि बचावाच्या वकिलालाही, असे माझे आग्रहाचे मत आहे. चुकीच्या उताऱ्याने निरपराध शिपाईही फसू शकतो. ही मागणी त्याच्याही हिताची आहे.

शिपायाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. हुकूम मिळाल्यावर बंदूक उचलणारा बहुधा त्याच लोकांतला, शेतकऱ्याच्याच घरातला असतो. समोरून खरोखर दगड येत असतात, सोबती जखमी होत असतात. कायद्याने दिलेले संरक्षण या माणसासाठी आहे आणि ते असावे. पण हुकूम नसताना आपण होऊन गोळी झाडली गेली की वरून हुकूम आला, हे ठरविणारी नोंद दडली, म्हणजे लाभ वरच्याला होतो आणि संशय खालच्यावर राहतो.

उरला तो मंजुरीचा प्रश्न, आणि या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्यालाच वाहिलेले आहे. पुराव्याची मांडणी कितीही प्रामाणिक असली तरी सरकारने मंजुरी दिल्याशिवाय खटला उभा राहत नाही, आणि पूर्वी मंजुरीचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला तरी त्याला उपाय नव्हता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले: लोकसेवकाविरुद्धच्या मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत झाला नाही तर ती दिली गेली असे समजावे, असे कलम २१८ सांगते. परंतु जमाव पांगविताना केलेल्या कृत्याला संरक्षण देणारे कलम वेगळे आहे, जुन्या संहितेतील १३२ वे, नव्या संहितेतील १५१ वे. त्यात ही १२० दिवसांची मुदत घातलेली नाही. निपाणीसारखा प्रसंग उद्या पुन्हा आला तर सरकारचे वकील याच कलमाचा आधार घेतील, आणि आपल्या पोलिसांवर खटला चालवावा की नाही हे ज्या राज्य सरकारला ठरवावयाचे, त्याला ते ठरविण्याची कोणतीही घाई राहणार नाही. ही मुदत कलम १५१ मध्येही घालावी, एवढ्या एका दुरुस्तीसाठी बंगळूर, मुंबई आणि दिल्ली येथील तिन्ही सभागृहांतील आमच्या भागाच्या प्रतिनिधींनी भाषेचा वाद बाजूस ठेवून एकत्र बोलावे, अशी विनंती करून वाचकांस पहिल्या प्रकरणाकडे नेतो.